गाईच्या पोटावरचं नाव

शेठनं खोका टेबलावर उपडा केला तेव्हा बारातली अकरा जनावरं टेबलावर पडली आणि एक घरंगळत खाली वैजयंताच्या पायापाशी आलं. गाय होती. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, पोटाखाली गुलाबी आचळ, मुठीत मावेल एवढी प्लास्टिकची गाय. वैजयंता उचलायला वाकणार तेवढ्यात शेठच वाकला. गुडघ्यावर हात टेकत, धापा टाकत त्यानं ती उचलली, कपाळाला लावली आणि मग तिचं पोट वैजयंतासमोर धरून म्हणाला, "पढ़ो." वैजयंतानं वाचलं. सी, ई, आर, डी, ओ. "मतलब पता है? सुअर. गाय के पेट पे सुअर का नाम चिपकाया है तुम लोगों ने." तो ओरडला नाही. ओरडला असता तर या कानानं ऐकून त्या कानानं सोडून देता आलं असतं. शेठच्या ओरडण्याची सगळ्यांना सवय होती. पण तो हळू बोलला, आणि बोलताना त्यानं आपल्या अंगठ्यानं ते स्टिकर झाकून धरलं होतं. दिवसभर वैजयंताच्या डोक्यात शेठचं बोलणं राहिलं नाही. राहिली ती कपाळाला लावलेली गाय, आणि अर्धवट पुढे गेलेला आपला हात, जो तिनं का कुणास ठाऊक मागे घेतला होता.

चूक कशी झाली ते कळायला अर्धा तास गेला. भाईंदर पूर्वेच्या इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या त्या गाळ्यात सात बायका प्लास्टिकच्या जनावरांवर स्पॅनिश नावांचे स्टिकर लावायच्या. बारा जनावरांचा एक खोका. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा देशातली पोरं त्यावरून म्हणे जनावरांची नावं वाचायला शिकायची. ट्रेमध्ये जनावरं ठरलेल्या क्रमानं लागलेली असत, घोडा, गाढव, शेळी, गाय आणि पुढची, आणि स्टिकरांचा रोलही त्याच क्रमानं छापून येई. त्यामुळे वाचायचा प्रश्नच नव्हता. डाव्या हातानं जनावर घ्यायचं, उजव्या नखानं स्टिकर सोलायचं, पोटावर दाबायचं, की पुढचं. हात हलत राहायचे आणि तोंडं मोकळी राहायची. कुणाच्या सुनेपासून कुणाच्या गुडघ्यापर्यंत सगळे विषय त्या टेबलावर निघायचे. या खेपेला छापखाना बदलला. नव्यानं रोल ए-बी-सी-डीप्रमाणे लावून पाठवला आणि बायकांचे हात जुन्याच क्रमानं चालत राहिले. घोड्याचं गाढव झालं, गाढवाचा घोडा झाला, गाईचं डुक्कर झालं. शेळी आणि बैल तेवढे नशिबानं आपापल्या नावाचे राहिले. असे नऊशे खोके गेले आणि एक्स्पोर्टवाल्याच्या ऑफिसातून परत आले. सातजणींत नववीपर्यंत शिकलेली आणि इंग्रजी अक्षरं जुळवून वाचणारी वैजयंता एकटीच, म्हणून शेठनं तिला चेकर केलं होतं. चेकर म्हणजे खोक्याच्या कोपऱ्यात निळ्या पेनानं बरोबरची खूण करायची. नऊशेच्या नऊशे खोक्यांवर तिची खूण होती.

"आपल्याला काय स्वप्न पडलेलं, तिकडं गाईला काय म्हणतात ते?" अनसूया म्हणाली. ही रायगडकडची, सहा वर्षं वैजयंताच्या शेजारच्या स्टुलावर बसणारी. तोंडानं फटकळ, पण डबा उघडला की पहिली फोड वैजयंताच्या झाकणात ठेवणारी. "आणि मी म्हणते, म्हैस का नाय गं यात? बारा जनावरं केली मेल्यांनी, त्यात ससा पण हाय, आणि म्हैस नाय. मग चहा कशाचा पितात?" बायका हसल्या. वैजयंताही हसली, पण तिचं लक्ष बोटांकडे होतं. स्टिकरचा डिंक बोटांच्या पेरांवर सुकून त्याच्या काळ्या वळकट्या व्हायच्या. त्या ती चोळत राहिली. तिला वाटत होतं, बायकांचं सोड, तू तर वाचू शकत होतीस. तू खोका बंद करताना आत बघत होतीस. मग बघितलंस काय? आणि तिनं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं तेव्हा तिला घोडा आठवला, शेपटी रंगवताना चुकलेलं मांजर आठवलं, एका डोळ्याचा ससा आठवला. गाय आठवेना. हे खेळण्यांचं काम आल्यापासून आठ महिने रोज शंभर दीडशे गाई या हातांतून गेल्या आणि तिनं एकीकडेही नीट पाहिलेलं नव्हतं. तिनं उठून माठातलं पाणी घेतलं आणि ते न पिताच खिडकीतून टाकून दिलं.

दुसऱ्या दिवशी एक्स्पोर्टवाल्याच्या ऑफिसातून रोहित नावाचे टाय लावलेले साहेब आले. कुठल्याशा क्लासला स्पॅनिश शिकलेले. त्यांनी एकेक जनावर उचलून नाव सांगितलं आणि वैजयंतानं ते कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मराठीत लिहून घेतलं. काबायो, बुर्रो, काब्रा, बाका. बाका म्हणजे गाय. पुढे सेर्दो, ओबेखा, गायिना, पेर्रो, गातो, पातो, तोरो, कोनेखो. गायिना म्हणजे कोंबडी, हे ऐकून अनसूयेनं कपाळावर हात मारला. "वैजूताई, लिखना कैसे भी लिखो, लेकिन देख के चिपकाना," साहेब म्हणाले आणि गेले. मग वैजयंतानं त्या यादीचं गाणं केलं. ती एक नाव म्हणायची, बायका ते जनावर वर धरायच्या. चुकलं की पुन्हा. दोन दिवसांत गाळ्यात अंगणवाडीसारखा गलका झाला, आणि शेजारच्या गाळ्यातले पाईप कापणारे कामगार दारात येऊन बघून गेले. वैजयंताचं तोंड आता थांबत नव्हतं. नऊशे खोके उघडून, जुने स्टिकर रॉकेलच्या फडक्यानं काढून, नवे लावायचे होते. घरी चालत जाताना, खाडीकडून येणारा सुक्या मासळीचा वास नाकात भरत असताना, ती पावलांवर म्हणत जायची, काबायो, बुर्रो, काब्रा, बाका. या शब्दांना वास नव्हता. मराठीत जनावर म्हटलं की ते कुणाच्या तरी दावणीला बांधलेलं असायचं, आणि त्या दारात आपण कुठपर्यंत जायचं ते ठरलेलं असायचं. बाका कुणाचीच नव्हती. हे तिला बरं वाटलं आणि बरं वाटल्याचाच राग आला.

खारी गावात एका आगरी म्हातारीच्या चाळीत वैजयंताचं दोन खोल्यांचं घर होतं. नवरा दशरथ इंद्रलोकमधल्या एका बिल्डिंगीवर वॉचमन, महिन्यातले पंधरा दिवस त्याची पाळी उलटी. मुलगा प्रितम पुण्याला आयटीआय करत होता. आणि पुढच्या खोलीत, खिडकीपाशी, लोखंडी खाटेवर वडील. बापूराव. जून महिन्यात सकाळी दाढी करता करता त्यांचा उजवा हात खाली गळून पडला आणि तोंडातून भाषा गेली. हात थोडा फार परत आला, भाषा आली नाही. पाणी हवं असलं तरी त्यांना पाणी म्हणता यायचं नाही. मानेनं होय म्हणायचे तेव्हा नाही असायचं, नाही म्हणायचे तेव्हा होय, म्हणून त्यांच्या मानेवर कुणी विश्वास ठेवायचं नाही असं घरात ठरून गेलं होतं. पण रोज सकाळी भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोंसमोर उदबत्ती लागली की हाच माणूस डावा हात छातीशी नेऊन सगळी वंदना म्हणायचा, एक अक्षर न अडखळता. पहिल्यांदा ती ऐकली तेव्हा वैजयंता स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली होती. "दादा, बोला, बोला ना," म्हणत तिनं त्यांचे खांदे धरले. त्यांनी तोंड उघडलं, आणि बाहेर आला तो नुसता श्वास.

बोलायला शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं. पाठ झालेलं वेगळ्या कप्प्यात असतं. रोज थोड्या वस्तू समोर ठेवा, नाव सांगा, घाई करू नका. लहानपणापासून ओळखीच्या वस्तू घ्या. वैजयंतानं वाटी ठेवली, चमचा ठेवला, चप्पल ठेवली. ते बघायचे आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, मग ती वस्तू उचलून घ्यायची. रविवार येऊन जायचा, गणपती येऊन गेले, काही हललं नाही. आणि अशातच विहाराच्या कमिटीचे सेक्रेटरी गुणवंतभाऊ एका संध्याकाळी दारात आले, जय भीम घातला, चहा घेतला आणि छापलेलं पत्रक तिच्या हातात दिलं. यंदा धम्मदीक्षेला पन्नास वर्षं पुरी होत होती. दसऱ्याला विहारात मोठा कार्यक्रम होता, जुन्या माणसांचे सत्कार होते. यादीत तिसरं नाव बापूरावांचं, आणि नावापुढे ओळ: ज्यांनी गावकीच्या दोरीला पुन्हा हात लावला नाही. "दादांना बोलता येत नाही तर त्यांच्या वतीनं तुम्ही बोला, ताई," गुणवंतभाऊ म्हणाले. "ती गाईची गोष्ट सांगा. पोरांना ऐकू दे. आमच्या पिढीला ती तोंडपाठ आहे, पण तुम्ही तर डोळ्यांनी पाहिलेली." वैजयंतानं मान हलवली. तिचीही मान तेव्हापासून खरी राहिली नाही, असं तिला नंतर वाटत राहिलं.

ती गोष्ट अशी सांगितली जायची. बहात्तरचा दुष्काळ. मराठवाड्यातलं बीडकडचं गाव. माणसांना पाणी नाही तिथं जनावरांना कुठलं. पाटलाची गाय गोठ्यामागे मेली. मेलेलं जनावर ओढून न्यायचं काम पिढ्यान्‌पिढ्या यांच्या घराचं. बापूराव पाटलाच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, आम्ही हे काम सोडलं, दोरीला हात लावणार नाही. मग गावानं पाणी बंद केलं. यांच्या वस्तीची विहीर आटलेली होती. गावच्या विहिरीवर यांना चढायचं नव्हतं, पण कुणी तरी वरून घागरीत ओतायचं, ते ओतणं बंद झालं. तीन दिवस गाय तिथं पडून राहिली. चौथ्या दिवशी पाटलानं हार मानली, दुसऱ्या गावाहून माणसं आणून गाय हलवली. बापूराव महिन्याभरात बायको आणि मुलगी घेऊन मुंबईकडे निघाले आणि भाईंदरला मिठागरावर कामाला लागले. एवढीच गोष्ट. दर चौदा एप्रिलला ती कुणी ना कुणी सांगायचं, टाळ्या व्हायच्या आणि बापूराव पहिल्या रांगेत बसून आपले तळहात एकमेकांवर चोळत खाली बघायचे. लोक म्हणायचे, बघा किती साधा माणूस. वैजयंतालाच माहीत होतं की वडिलांनी ती गोष्ट स्वतःच्या तोंडानं एकदाही सांगितली नव्हती. ना विहारात, ना घरात.

आणि तिच्याजवळ दुसरंच काही तरी होतं. त्याला गोष्ट म्हणता येत नव्हतं, नुसते तुकडे होते. ती सात वर्षांची, अंगात ताप, ओठ फुटलेले, जीभ टाळूला चिकटलेली. वास. त्या वासाचा तिला अजून भरवसा वाटत नाही. खाडीच्या ओहोटीला जेसल पार्कच्या बाजूनं वारा आला की तो थोडासा येतो आणि ती जिथं असेल तिथून चालू लागते. आई कोपऱ्यात बसलेली. खुंटीवर दोरी होती, मग नव्हती. फटफटलेलं होतं, वडील दारात उकिडवे बसून हातांना माती चोळत होते, मग राख, मग पुन्हा माती, कारण हात धुवायला पाणी नव्हतं. आणि मग पाणी होतं. जर्मनचा पेला होता, ठोकल्यामुळे काठाला दबलेला, आणि त्यात गार, गोड, गच्च भरलेलं पाणी होतं, आणि ती प्यायली. पोट दुखेपर्यंत प्यायली. पुढे कुणी तरी सांगितलं, ते पाणी मामानं बैलगाडीतून आणलं होतं. असेल. मामा आता नाही, आईही नाही. तापातल्या पोराच्या आठवणीला काय किंमत. पण मग माणसं दुसऱ्या गावाहून आली असतील, तर दादा हात कशाचे धूत होते? हा प्रश्न चौतीस वर्षं तिच्या पोटात होता. लग्नात, बाळंतपणात, आईच्या मयताला, प्रत्येक वेळी ओठांवर येऊन परत गेलेला. विचारलं तर त्यांना खाली बघावं लागेल म्हणून विचारला नाही. आणि आता दसऱ्याला उभं राहून बोलायचं होतं. गोष्ट सांगावी तर कदाचित खोटं सांगायचं, न सांगावी तर बापाला चारचौघांत उघडं पाडायचं. आणि खरं ज्याला ठाऊक होतं त्याचं तोंड बंद झालं होतं.

शेठनं रिजेक्ट माल फुकट वाटला तेव्हा तिनं एक पूर्ण बाराचा संच पिशवीत घालून आणला. रॉकेलनं डाग पडलेली, रंग उडालेली जनावरं. लहानपणापासून ओळखीच्या वस्तू, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं ना. तिनं खाटेवर वडिलांपुढे एकेक मांडलं. "दादा, हा घोडा. हे बघा, गाढव. ही शेळी." ते बघत राहिले. कुत्रं हातात घेऊन उलटंपालटं केलं, ठेवलं. ससा जरा जास्त वेळ धरला. वैजयंतानं अकरा मांडली. बारावं तिच्या पिशवीतच राहिलं, आणि ते काढायला आपला हात जात नाही हे लक्षात आल्यावर ती उठली आणि चुलीवर दूध नसताना दूध उतू जातंय का ते बघायला गेली. पुढचे चार दिवस तेच. मराठी नावांवर ते नुसते श्वास सोडायचे. ती कंटाळून, कामाच्या सवयीनं, भाकरी थापता थापता आपली यादी म्हणत राहायची, काबायो, बुर्रो, काब्रा, बाका, सेर्दो, ओबेखा, गायिना. गुरुवारी सकाळी ती गायिनाला थांबली, पीठ घ्यायला, आणि पुढच्या खोलीतून बापूरावांचा आवाज आला. "पेर्रो."

तिच्या हातातून परातीत पाणी सांडलं. ती दारात आली. त्यांच्या डाव्या हातात कुत्रं होतं. "पेर्रो," ते पुन्हा म्हणाले, स्पष्ट, र वर जोर देऊन, आणि तिच्याकडे असं बघितलं की जणू तिनंच काही तरी चुकीचं ऐकलं असेल. तिला रडू आलं आणि हसूही आलं. घरमालकीण दारावरून जाताना थबकली. "बापू बोलतंय का न्हाय?" "बोलतायत, मावशी," वैजयंता म्हणाली. "काय बोलतंय?" "कुत्रा म्हणतायत." म्हातारीनं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि "बरा हाय," म्हणत पुढे गेली. गाळ्यात अनसूयेला सांगितलं तेव्हा तिनं आधी हातातली शेळी खाली ठेवली. "म्हाताऱ्याला मराठी येईना आणि स्पॅनिश यायला लागलं? वैजू, आता प्रितमला सांग, आजोबाला फॉरेनला पाठव." मग तिनं वैजयंताच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि आवाज खाली केला. "चांगलं झालं गं. तू का अशी बसलीस?" अनसूयेला तिच्याबद्दल सगळं ठाऊक होतं, जात, गाव, नवऱ्याची दारू, तिनं ती सोडवली ते. गाईची गोष्टही ठाऊक होती, टाळ्यांसकट. फक्त हातांची माती ठाऊक नव्हती. "काय नाय," वैजयंता म्हणाली, "दसरा जवळ आलाय." अनसूयेनं दोन खोके पुढे ओढले आणि त्यातला जड आपल्याकडे ठेवला.

डॉक्टरीणबाईंना फोनवर विचारलं तर त्या म्हणाल्या, जे येतंय ते येऊ द्या, अडवू नका. आठवड्याभरात आठ शब्द आले. बुर्रो म्हणताना त्यांना मजा वाटायची. संध्याकाळी दशरथ ड्यूटीला जायला निघाला की सासऱ्यासमोर मांजर धरायचा, ते गातो म्हणायचे, मग तो समाधानानं टोपी घालून निघायचा. सगळं घर सोपं झालं होतं आणि वैजयंता मात्र कुठं टेकत नव्हती. रात्रपाळीच्या माणसासारखे तिचे डोळे चुरचुरायचे. कागद घेऊन बसायची, माझ्या वडिलांनी, असं लिहायची, आणि पुढे पेन हलायचं नाही. कागद फाडून परत दुसरा. एकदा तिनं अख्खं भाषण लिहिलं, गुणवंतभाऊंच्या पत्रकातल्या ओळीसकट, आणि वाचून पाहिलं, तर ते चांगलंच होतं, कुणाच्याही डोळ्यांत पाणी आलं असतं. तिला ते घशाखाली उतरेना. तिला वाटायचं, त्यांनी दोरीला हात लावला असेल तर माझ्यासाठी लावला असेल. मग ते चौतीस वर्षं खाली बघत बसले ते माझ्या पाण्यापायी. आणि मी ते गोड लागलं म्हणून प्यायले. हे एकदा मनात नीट वाक्यासारखं उभं राहिलं, आणि त्यानंतर तिला ते बाजूला सारता येईना.

रविवारी दुपारी दशरथ झोपला होता. नळाला चार वाजता पाणी यायचं, एक दिवसाआड. चाळीतल्या बायकांनी हंडे रांगेत लावून ठेवले होते. वैजयंतानं खाटेजवळ स्टूल ओढलं, त्यावर पाण्याचा ग्लास ठेवला, पिशवीत हात घातला आणि गाय बाहेर काढली. चादरीवर, वडिलांच्या मांडीजवळ, उभी ठेवली. पोटावर स्टिकर नव्हतं, रॉकेलचा डाग होता. बापूरावांनी तिच्याकडे बघितलं आणि नजर हलवली नाही. "दादा," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "दादा, मला दसऱ्याला उभं राहायचंय. मला सांगा. त्या गाईचं काय झालं? कुणी नेली ती?"

वैजयंताला वाटलं, आता डोळ्यांत पाणी येईल आणि मला ती उचलून घ्यावी लागेल. पाणी आलं नाही. त्यांनी डावा हात पुढे केला आणि एका बोटानं गाय आडवी पाडली. मग इकडेतिकडे बघू लागले. खोका बांधून आणलेली सुतळी खाटेच्या दांडीला अडकवलेली होती. ती त्यांनी ओढून घेतली. गाईच्या मागच्या दोन पायांभोवती तिचा वेढा घातला. एका हातानं गाठ बसेना. दोनदा सुटली. त्यांनी वैजयंताकडे बघितलं, आणि तिनं पुढे होऊन सुतळीचं एक टोक धरलं, दुसरं त्यांनी धरलं, आणि गाठ बसली. ती गाठ कशी मारायची हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं, तरी तिच्या बोटांनी ती बरोबर आवळली. मग बापूराव ओढू लागले. हळू, चादरीच्या सुरकुत्यांवरून, उशीच्या कडेनं, थांबत, दम घेत, पुन्हा ओढत. प्लास्टिकची गाय आडवीच्या आडवी सरकत गेली, शिंगं चादरीत अडकली, ती त्यांनी सोडवली, परत ओढली. खाटेच्या टोकापर्यंत. तिथं त्यांनी सुतळी सोडली. "बाका," ते म्हणाले.

त्यांचं अजून झालं नव्हतं. त्यांनी आपला डावा तळहात मांडीवरच्या धोतरावर घासला, एकदा, दोनदा, तीनदा, उजव्या लुळ्या हातावरून घासला. मग तो हात स्टुलाकडे गेला. पाण्याचा ग्लास त्यांनी काठाला धरला आणि तिच्याकडे सरकवला. थोडं पाणी सांडलं. ती घेत नाही असं बघून त्यांनी पुन्हा सरकवला, तिच्या बोटांना लागेपर्यंत.

तिनं ग्लास उचलला आणि सगळं पाणी प्यायली. मधे श्वास न घेता. ती पिताना ते तिच्याकडे बघत होते, आणि बघताना त्यांचेही ओठ हलत होते, लहान पोराला भरवताना मोठ्यांचे हलतात तसे. आपण त्यांच्यावर रागावू असं तिला कित्येक वर्षं भीतीनं वाटत आलं होतं; राग कुठंच नव्हता, आणि त्या मोकळ्या जागेत नुसतं प्रेम आलं, इतकं की तिला ते सोसेना. तिनं उशाखालचा भाषणाचा कागद काढला, गुणवंतभाऊंच्या पत्रकासकट. "खरं झालं ते सांगू, दादा? विहारात? सगळ्यांसमोर? तुम्ही दोरी धरली, माझ्यासाठी, असं?"

त्यांची मान हलली, आधी आडवी, मग उभी. तिनं मानेकडे पाहिलं नाही, तोंडाकडे पाहिलं. ओठ मिटले, उघडले, श्वास बाहेर आला, परत आत गेला.

"व्हय," बापूराव म्हणाले.

जूनपासूनचा तो त्यांचा पहिला मराठी शब्द होता. तिनं पुन्हा विचारलं, कारण तिला खात्री हवी होती, आणि कदाचित पुन्हा ऐकायचं होतं. "व्हय," ते म्हणाले, आणि या वेळी त्यांनी खाली बघितलं नाही.

बाहेर नळ खरखरला. हंड्यांचे आवाज झाले, कुणी तरी कुणाचा हंडा पुढे सरकवला म्हणून भांडण सुरू झालं, आणि घरमालकीण दारातून ओरडली, "वैजू, पानी आलाय गं, ऊठ." वैजयंता खाटेच्या टोकाशी बसून गाईच्या पायांची गाठ सोडत होती. गाठ घट्ट बसली होती. "तुम्ही भरा, मावशी," ती म्हणाली, "मी येते मागून."